मिनिएचर घोडा: ही जात म्हणायची की नुसती उंचीची अट?

मेधा_टेक्सास

नमस्कार मंडळी. पाळीव प्राण्यांच्या विभागात कुत्र्या-मांजरांचे धागे उदंड आहेत, घोड्यांचा हा पहिलाच असावा. त्यातून छोट्या घोड्यांचा.

इथे अमेरिकेत मिनिएचर घोडे (सगळे नुसतं 'मिनी' म्हणतात) हौसेने पाळले जातात. लेक फोर-एच नावाच्या मुलांच्या क्लबात जाते. तिथे ती मिनीला दोरीने धरून अडथळ्यांतून न्यायला शिकली, आणि आता घरी घोडी हवी म्हणून हटून बसली आहे. नवरा "अजिबात नाही" म्हणतो आणि गुपचूप कुंपणाचे भाव काढतो, तेव्हा घोडी येणार हे नक्की. माझा प्रश्न वेगळा आहे.

दोन ठिकाणी घोड्या पाहिल्या. पहिल्या ठिकाणी निमुळतं तोंड, नाकाडाची रेषा मध्ये आत वळलेली, लांब मान, काटकुळे पाय. अरबी घोडा आटवून छोटा केल्यासारखी. दुसऱ्या ठिकाणी रुंद छाती, आखूड जाड मान, घोट्यांपर्यंत केस, पोट घागरीएवढं. दोघींचे नोंदणीचे कागद एकाच संस्थेचे! विक्रेत्यांना विचारलं तर दोघांचं उत्तर एकच, "दोन्ही बरोबर". वर पहिला हळूच म्हणाला, शोमध्ये बक्षिसं आमच्यासारख्यांनाच मिळतात.

म्हणजे अट फक्त उंचीची. मग जात कशाला म्हणायचं? मारवाडी घोडा म्हटला की आत वळलेले कान डोळ्यांसमोर येतात. मिनी म्हटल्यावर काय यावं? मला वाटतं, अंगाची एकच ठेवण लिहून ठरवावी आणि त्याबाहेरच्यांना वेगळं नाव द्यावं. तुम्हाला काय वाटतं?

कांदेपोहे

रुमाल टाकून ठेवतो. घोड्यांतलं शून्य कळतं, पण धागा शंभरी गाठणार.

घाटमाथा

बाळबोध प्रश्न आहे, हसू नका. मिनी म्हणजे पोनीच ना? माथेरानला असतात तसले?

मेधा_टेक्सास

@घाटमाथा, नाही हो. माथेरानचे घोडे यांच्यापुढे हत्ती. मिनी म्हणजे बहुधा ३४ इंचांच्या आत, म्हणजे ८६ सेंटिमीटरच्या आसपास. माझ्या स्वयंपाकाच्या ओट्याहून बुटका.

इथे मोठ्या संस्था दोन. एक टेक्सासमधली, अमेरिकन मिनिएचर हॉर्स असोसिएशन, १९७८ सालची. तिची मर्यादा ३४ इंच. दुसरी अमेरिकन मिनिएचर हॉर्स रजिस्ट्री, ती शेटलंड पोनी क्लबच्या छत्राखाली चालते. तिच्यात दोन विभाग: ३४ पर्यंत 'ए', आणि ३४ च्या वर ३८ पर्यंत 'बी'. एकाच घोड्याकडे दोन्हींचे कागद असू शकतात.

सासवडकर

उंची मोजतात कुठे? डोक्यापर्यंत?

यॉर्कशायरचा_जोशी

@सासवडकर, इथेच तर गंमत आहे. मोठा घोडा मोजताना मान संपून पाठ सुरू होते तिथल्या उंचवट्यावर, सगळ्यात उंच जागी पट्टी टेकवतात. अमेरिकन मिनी मोजताना आयाळीचा शेवटचा केस जिथे उगवतो तिथे टेकवतात. ती जागा बहुधा उंचवट्याच्या मागे, थोडी खाली असते. म्हणजे तोच घोडा दोन पद्धतींनी दोन उंचीचा भरतो.

कांदेपोहे

म्हणजे आयाळीचे शेवटचे दोन केस उपटले की...

यॉर्कशायरचा_जोशी

उलट! केस उपटले तर शेवटचा केस पुढे सरकेल, उंचवट्याजवळ जाईल, आणि घोडा वाढेल. तुम्ही या धंद्यात पडू नका.

खरे उद्योग दुसरे असतात. मोजायच्या आधी खूर जरा जास्तच तासायचे, पाय पुढेमागे ताणून उभं करायला शिकवायचं, पाठ दबेल अशी सवय लावायची. अर्धा इंच सहज जातो. सगळा डोलारा एका आकड्यावर उभा केला की माणसं त्या आकड्याशीच खेळणार.

पशुवैद्य_फलटण

मेधाताई, चांगला विषय काढलात. मी गायी-म्हशींचा डॉक्टर. घोडी आमच्याकडे येतात ती धनगरांची किंवा वरातीची. पण पाहुण्यांच्या निमित्ताने अमेरिकेत मिनी जवळून पाहिलेत आणि त्यांच्या आनुवंशिकतेवर बरंच वाचलंय. थोडं लांबेल.

तुम्ही म्हणता अट फक्त उंचीची. तसं पूर्ण खरं नाही. टेक्सासच्या संस्थेकडे लिखित आदर्श आहे. त्यात सार असं, की घोडा सुदृढ, प्रमाणबद्ध हवा आणि फोटोत शेजारी काही नसेल तर मोठा की छोटा हे ओळखू येऊ नये. इथवर छान. पण त्याच आदर्शात असंही आहे, की शक्य तितका लहान आणि तरी निर्दोष घोडा हे ध्येय, म्हणून दोन घोडे साधारण सारखे असले तर लहानाला झुकतं माप द्यावं.

हे वाक्य मला खटकतं. घोडा लहान होण्याचे रस्ते एकाहून जास्त आहेत. शेटलंड आणि इतर पोनींमध्ये एचएमजीए-२ नावाच्या जनुकातला एक बदल सापडलाय, त्याने उंची घटते पण घोडा धडधाकट राहतो. दुसरा रस्ता अॅग्रेकनच्या जनुकाचा. अॅग्रेकन हे कूर्चेतलं प्रथिन. त्या जनुकातले बिघाड मिनींमध्ये आढळतात. एक प्रत बिघडलेली असेल तर घोडा दिसायला साधा. आईबाप दोघांकडे एकेक बिघडलेली प्रत असेल तर दर वेतात चारात एक शक्यता, की शिंगराला दोन्ही बिघडलेल्या मिळतील. मग मोठं कपाळ, बसकं नाक, खालचा जबडा पुढे, आखूड वाकडे पाय. काही जोड्यांत तर गर्भ टिकतच नाही.

दोन्ही संस्था असं बुटकं शिंगरू नाकारतात. पण त्याच्या आईबापांचे कागद शाबूत! आणि ते आईबाप आकाराने लहान म्हणून बक्षिसंही घेऊन आलेले असू शकतात. लहानपणाला गुण द्यायचे आणि लहानपणाच्या आजाराला शिक्षा करायची, हे एकाच हाताने चाललंय.

तेव्हा ठेवण एक असावी का, हा माझ्या दृष्टीने दुसरा प्रश्न. आधी तपासणी. शेपटीचे मुळासकट उपटलेले केस प्रयोगशाळेत पाठवले की अॅग्रेकनचे ज्ञात बिघाड कळतात. वळूची आणि घोडीची तपासणी झाल्याशिवाय शिंगराची नोंद करूच नये.

घाटमाथा

+१. ते जगातला सर्वांत छोटा घोडा म्हणून फोटो फिरतात, ते असलेच का?

पशुवैद्य_फलटण

थंबेलिना म्हणत असाल तर हो. मिसूरीतली घोडी, ४४.५ सेंटिमीटर, गिनेसमध्ये नोंद. तिला बुटकेपणाचा आजारच होता. गोड दिसायची यात वाद नाही. पण तिच्या फोटोखाली "अशीच मला हवी" असं लिहिणाऱ्यांची मला भीती वाटते.

अबलख

डॉक्टरांचा मुद्दा मान्य, पण मेधाताईंच्या प्रश्नाला बगल दिली. ठेवणीचं बोला.

माझं मत, एक ठेवण अजिबात नको. मिनीची मजाच ही की तुम्हाला अरबी आवडतो तर अरबी घ्या, गाडीला जुंपायचा दणकट हवा तर तसा घ्या, ठिपक्यांचा हवा तर ठिपक्यांचा. इथे शोमध्येही वर्ग वेगवेगळे: हाताने धरून दाखवायचा, गाडीचा, उड्यांचा, वेशभूषेचा (होय, घोड्याला परी करतात). गाडीच्या वर्गातही एक ऐटीत पाय उचलणाऱ्यांचा, एक आरामात चालणाऱ्यांचा. ही सगळी कामं एकाच बांध्याचा घोडा कशी करेल?

मेधा_टेक्सास

@अबलख, पण मग ती 'घोडा, आकार छोटा' अशी श्रेणी झाली. दुकानात कपड्यांना असते तशी.

अबलख

असू दे की! श्रेणी म्हटल्याने घोडा कमी का होतो?

यॉर्कशायरचा_जोशी

दोघांनाही इंग्लंडातून थोडी माहिती. अमेरिकन मिनीचं बरंचसं रक्त शेटलंड पोनीचं, तेव्हा मूळ गावी काय झालं ते बघू.

स्कॉटलंडजवळच्या शेटलंड बेटांवर ही जनावरं वाऱ्यापावसात, कमी गवतावर, आपोआप लहान आणि जाड झाली. कुणी आराखडा काढला नव्हता. १८४२ च्या कायद्याने खाणीत बायका आणि दहा वर्षांखालच्या पोरांना उतरवायला बंदी झाली. कोळशाच्या गाड्या ओढायला बुटकी, ताकदवान जनावरं हवी झाली. मग शेटलंडचे नर शेकड्यांनी खाणीत गेले. खाणमालक लॉर्ड लंडनडेरीने तर खाणीसाठीच पैदास केली, ध्येय साधं: वजन जितकं जास्त आणि जमिनीशी जितकं जवळ तितकं बरं. १८९० साली नोंदवही निघाली. आज तिची मर्यादा ४२ इंच, रंग कुठलाही चालतो, फक्त ठिपके चालत नाहीत.

म्हणजे शेटलंडला एक ठेवण आहे, आणि ती कामातून आली. आधी बेटाने घडवली, मग खाणीने. कागदावर उतरली ती सगळ्यात शेवटी.

हेच शेटलंड अमेरिकेत गेले. तिथला क्लब १८८८ चा, म्हणजे आमच्यापेक्षा दोन वर्षं जुना! तिथे लोकांना गाडीपुढे ऐटीत चालणारा पोनी हवा होता, म्हणून हॅकनी (ऐटीत पाय उचलणारे गाडीचे घोडे) वगैरेंचं रक्त घातलं. आज अमेरिकेतला आधुनिक शेटलंड इथे आणून उभा केला तर इथली म्हातारी माणसं त्याला शेटलंड म्हणणार नाहीत. आणि मेधाताईंनी पाहिलेले ते काटकुळे पाय आणि लांब मान बऱ्याच ठिकाणी याच बाजूने, 'बी' विभागाच्या दारातून मिनीत आलेत.

तेव्हा 'मिनीची खरी ठेवण कोणती' विचाराल तर खाणीतल्याचा वारस म्हणेल जाड, शोमधला म्हणेल सडपातळ. दोघांकडे पुरावा आहे.

खिलारवाला_आटपाडी

जोशीबुवा, ऱ्हाऊन ऱ्हाऊन एकच सांगतो. ठेवण कागद ठरवत न्हाय, काम ठरवतं. आमच्या खिलार बैलांचं बघा. आटपाडी महाल, म्हसवड, हणम, नकली, सगळे खिलारच. रंगात फरक, शिंगात फरक, अंगात फरक. पूर्वी नांगराला आन् मोटंला दांडगा बैल लागायचा. आता ट्रॅक्टर आला. मधी बैलगाडा शर्यतीवर बंदी होती, २०२१ च्या शेवटी सुप्रीम कोर्टानं परवानगी दिली आन् पुन्हा शर्यतीचे घाट भरले, २०२३ ला कायदाबी मान्य केला. आता शर्यतीचा हलका, लांब पायाचा, तापट खोंड लागतो. वळू तसलाच निवडत्यात. धा-पंधरा वर्सांनी खिलारची ठेवण शर्यतीनं ठरवलेली आसंल, कुठल्याबी पुस्तकानं न्हाय.

मग मिनीला काम काय सांगा. काम सांगा, मी ठेवण सांगतो.

कांदेपोहे

'नकली खिलार' असा खरंच प्रकार आहे?! उद्यापासून मी नकली पुणेकर.

खिलारवाला_आटपाडी

हाय तर. हसू नका, चांगला बैल आसतो.

अबलख

@खिलारवाला, मिनीचं काम? अंगणात उभं राहून गोड दिसणं. त्यात तो जगात पहिला आहे.

मेधा_टेक्सास

कामंही करतात हो! १९९९ च्या सुमारास नॉर्थ कॅरोलायनात अंधांना वाट दाखवायला मिनी शिकवायला सुरुवात झाली. अपंगांच्या हक्कांच्या कायद्याचे नवे नियम २०११ च्या मार्चपासून लागू झाले. त्यात मदतनीस प्राणी म्हणजे कुत्रा असं म्हटलंय, पण शिकवलेल्या मिनी घोड्यासाठी वेगळी तरतूद ठेवलीये. नियमांत अशा घोड्याची उंची साधारण २४ ते ३४ इंच आणि वजन ७० ते १०० पौंड धरलंय. कुत्रा आठ-दहा वर्षं काम करतो. मिनी पंचवीस-तीस वर्षं सहज जगतो. आणि ज्यांना कुत्र्याची ॲलर्जी किंवा धर्मामुळे अडचण, त्यांना सोयीचा.

विमानात मात्र २०२१ पासून मदतनीस म्हणून फक्त कुत्राच मानायची मुभा कंपन्यांना मिळाली.

सासवडकर

घोडा विमानात?? आमच्या शिवशाहीत कोंबडी चालत नाही.

आजी_ऑनलाइन

मला सांगा, या घोड्यावर नातवंडं बसू शकतात का? धाकटा चार वर्षांचा आहे, गोड दिसेल.

पशुवैद्य_फलटण

आजी, जपून. सर्वसाधारण संकेत असा, की घोड्याने पाठीवर स्वतःच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त घेऊ नये, खोगिरासकट. अगदी दणकट मिनी शंभर किलोचा धरला तर वीस किलो. चार वर्षांचं पोर आणि खोगीर यातच ते संपलं. पुढच्या वर्षी नातू मोठा होणार, घोडा तेवढाच राहणार. गाडी ओढायला मात्र हे जनावर फार छान. ओढणं आणि वाहणं यात फरक आहे.

आजी_ऑनलाइन

बरं हो डॉक्टर. मग गाडीत बसवू.

सारंगखेडा_रिटर्न

दत्तजयंतीच्या सारंगखेडा यात्रेतल्या घोडेबाजाराला मी न चुकता जातो, तिथलं सांगतो. तिथे ठेवणीपेक्षा अंगावरचे केसांचे भोवरे बघतात. कपाळावर किती, मानेखाली देवमण आहे का, पंचकल्याणी आहे का, चारी पाय आणि कपाळ पांढरं. एक भोवरा चुकीच्या जागी निघाला की लाखाचा घोडा निम्म्यात. एका व्यापाऱ्याने माझ्यासमोर घोडीचे पुढचे केस वर करून, अंगठ्याने थुंकी लावून, भोवरा दाबून दाखवला, "बघा, एकच आहे." शेजारचा म्हातारा नुसता हसला आणि पुढे गेला. थुंकी वाळल्यावर दुसरा वर आला.

मला हे म्हणायचंय, की प्रत्येक बाजाराला स्वतःची एक वेडसर पट्टी असते. अमेरिकेत इंच, इथे भोवरे.

घाटमाथा

=)) आयाळीचा केस आणि कपाळाचा भोवरा, भाऊभाऊ.

गणिती

सगळ्यांचं वाचलं. एक मुद्दा राहिला, कळपाचा आकार.

एक ठेवण ठरवली की पसंतीचे वळू कमी होतात. सगळे त्या दोन-चार नामवंत वळूंकडे धावतात. तीन-चार पिढ्यांनी सगळे एकमेकांचे चुलत-मावस. मग पशुवैद्यांनी सांगितलेली ती बिघडलेली प्रत एखाद्या नामवंत वळूत असेल तर सगळीकडे पसरते, आणि दोन वाहक एकत्र यायची शक्यता वाढत जाते.

फालाबेला ही बुटक्या घोड्यांची जात हे जिवंत उदाहरण. अर्जेंटिनात एकोणिसाव्या शतकात सुरुवात, एकाच घराण्याने लहान क्रिओलो घोड्यांत शेटलंड, वेल्श, छोटे थरोब्रेड मिसळून आणि नात्यात नात्यात लावून ती घडवली. ठेवण बऱ्यापैकी एकसारखी झाली. पण संख्या छोटी आणि रक्त जवळचं.

तेव्हा मेधाताई, 'एक ठेवण' हे फुकट मिळत नाही.

मेधा_टेक्सास

@गणिती, मान्य. पण ठेवण न ठरवताही ते होतंच आहे ना? पंच आज सडपातळ घोड्याला रिबन देतात, म्हणून लोक त्याच वळूंकडे जातात. कागदावर नसलेली ठेवण प्रत्यक्षात आहेच. फक्त ती कुणी लिहिलेली नाही आणि तिच्यावर वाद घालायची सोय नाही. मला हे जास्त धोक्याचं वाटतं.

अबलख

हं. हा मुद्दा चांगला काढलात. तरी माझं मत तेच.

पाणीपुरी_प्रेमी

अवांतर: पुंगनूर गाय घ्यायचा विचार आहे, फ्लॅटमध्ये चालेल का? सोसायटीत विचारायचं आहे.

पशुवैद्य_फलटण

नाही.

पाणीपुरी_प्रेमी

इतकं तुटक?

पशुवैद्य_फलटण

बरं, सविस्तर. पुंगनूर ही चित्तूरकडची नोंद झालेली जुनी जात. लहान, काटक, शेतकऱ्याकडे कोरडवाहू भागात राबलेली. हल्ली 'मिनी', 'मायक्रो' म्हणून त्याहून बुटकी वासरं मोबाइलवर लाखांत विकली जातात, सोफ्यावर बसलेली. त्यातली किती पुंगनूर आणि किती भलत्याच गायींची खुजी वासरं, हे विकणाऱ्यालाच ठाऊक. मेधाताईंच्या धाग्यात ही गाय चुकून आली, पण बरं झालं. लहानपणाला पैसे मिळाले की काय होतं, ते बघायला टेक्सासला जायला नको.

आणि फ्लॅटमध्ये नाही म्हणजे नाही. शेण कुठे टाकणार?

कांदेपोहे

सोसायटीच्या चेअरमनच्या गाडीवर. (हलके घ्या.)

मॉडरेटर

मंडळी, पुंगनूरसाठी वेगळा धागा काढा. एक प्रतिसाद काढून टाकला आहे.

धनगरवाड्याची_लेक

वाचतेय कधीची, आता लिहितेच. घोड्याला 'जात' ठरते कशी, हे आमच्या भीमथडीवरून बघा. वाडा (म्हणजे आमचा फिरता तळ) हलला की भांडी, जाळी, करडं, कोंबड्या, सगळं याच घोड्यांवर जातं. लहान अंगाचा, दगडाधोंड्यात न अडखळणारा, मिळेल ते खाणारा. भीमेच्या खोऱ्यातला म्हणून भीमथडी. पूर्वी लोक त्याला तट्टू म्हणून हिणवायचे.

कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन संस्थेने त्याला जात म्हणून नोंदवलं, २०२४ च्या जानेवारीत जाहीर झालं. अशा नोंदीसाठी माणसं वाड्यांवर जाऊन घोडे मोजतात. उंची, लांबी, छातीचा घेर, रंग, कान, कुठल्या भागात, साधारण किती. जसे आहेत तसे. "असा असावा" म्हणून कुणी चित्र काढून आणत नाही.

इकडे आधी घोडा, मग वर्णन. तुमच्याकडे आधी वर्णन, मग त्याला साजेसा घोडा करत बसतात. मेधाताई, तुमच्या मिनींनाही असंच मोजा ना. हजारभर घोडे मोजा, मग कळेल की खरंच दोन-तीन वेगळ्या ठेवणी आहेत की सगळं एकमेकांत मिसळलेलं आहे. आधीच एक ठरवून बाकीच्यांना बाहेर कशाला काढायचं?

खिलारवाला_आटपाडी

लेकी, लाखात बोललीस.

यॉर्कशायरचा_जोशी

फार चांगला मुद्दा. फक्त एक अडचण. भीमथडीमागे वाडा आहे, वाट आहे, काम आहे. तेच त्याला छाटतात. उद्या वाडे हलायचे थांबले आणि भीमथडी लग्नाच्या वरातीत आणि प्रदर्शनात आला, की तिथेही कुणीतरी पट्टी घेऊन उभं राहणार.

धनगरवाड्याची_लेक

तो दिवस फार लांब नाही, माहीत आहे. म्हणूनच नोंद आत्ता झाली ते बरं. निदान कसा होता ते लिहिलेलं राहील.

सासवडकर

शेवटी ठरलं काय? एक ठेवण, हो की नाही? मला उद्या ऑफिसात सांगायचंय.

अबलख

नाही.

मेधा_टेक्सास

माझं अजूनही 'हो'कडे झुकतं, पण एकच नको, दोन-तीन लिहून ठेवाव्यात. सडपातळ, दणकट आणि मधला. प्रत्येकाला त्याच्या वर्गात जोखावं, एकमेकांशी नाही. शेटलंडवाल्यांनी अमेरिकेत जुन्या आणि नव्या ठेवणीचे वेगळे वर्ग केलेच आहेत, मग मिनीला का नको? आणि 'लहान तो चांगला' हे वाक्य आधी खोडावं. ३४ च्या आत आलात, पुरे. ३० चा आहे म्हणून जास्त गुण नाहीत.

गणिती

याला माझी सही. वरची मर्यादा ठेवा, खाली जायला बक्षीस देऊ नका. अर्धा प्रश्न तिथेच सुटतो, ठेवण कितीही ठरवा.

पशुवैद्य_फलटण

मीही सही करतो, तपासणीची अट जोडून. पण हे होईल असं वाटत नाही. ज्यांच्या गोठ्यात २८ इंची वळू उभे आहेत, तेच सभेत मत देणार.

@मेधाताई, घोडी घ्यायच्या आधी दोन्ही विक्रेत्यांकडे अॅग्रेकनचा अहवाल मागा. तुम्हाला पैदास करायची नाही हे खरं, पण मागण्याने सवय लागते. दात बघा. लहान डोक्यात मोठे दात दाटीवाटीने येतात, वरचा-खालचा जबडा जुळतो का ते तोंड उघडून बघा. चालवून बघा, गुडघ्याची वाटी सरकत असेल तर मागचा पाय मध्येच अडकून ताठ होतो.

मेधा_टेक्सास

अहवाल दोघांकडे मागितला. दणकट घोडीवाल्याने त्याच संध्याकाळी पाठवला, एकही बिघाड नाही. सडपातळवाला म्हणतो, "आमच्या रक्तात तसलं काही नाही, तपासायची गरज नाही."

खिलारवाला_आटपाडी

थुंकी लावलेला भोवरा.

आजी_ऑनलाइन

दणकट घे गं. पोटाचं काय म्हणत होतीस ते चालून चालून कमी होईल.

पशुवैद्य_फलटण

आजी, पोट गवताने वाढतं. मेधाताई, किती कुरण आहे ते तुम्ही लिहिलं नाहीत, पण टेक्सासच्या वसंतातलं हिरवं गवत मिनीला मोकळं सोडू नका. खुरांत दाह होऊन जनावर कायमचं लंगडं होतं. तोंडाला जाळी लावून थोडा वेळ चारा, बाकी वेळ सुकं गवत, वजन करून. आणि उलट टोकालाही जपा. जाड मिनीने खाणं सोडलं तर अंगातली चरबी रक्तात उतरते आणि दोन-चार दिवसांत गळ्याशी येतं, तेव्हा "उद्या बघू" म्हणू नका. कुंपण कुत्रा आत येणार नाही असं हवं, मिनी बाहेर जाणार नाही एवढंच पुरत नाही. एकटी घोडी ठेवू नका, कळपातलं जनावर आहे. सोबतीला दुसरी आणा, नाहीतर निदान शेळी.